गुणाजीला हाक

धवलारीण गुणाजीच्या नावापाशी आली आणि घोडं अडलं.

रसिकाच्या हळदीची दुपार. ठाण्यात माजिवड्याच्या टॉवरमधला हॉल पाहुण्यांनी भरलेला. या आगऱ्यांच्या घरी लग्नाचं पहिलं आमंत्रण मेलेल्यांना. धवलारीण गाण्यातून एकेकाला नावाने हाक मारते आणि तांदळाच्या राशीवर त्याच्या नावाची सुपारी ठेवते. रसिकाची पणजी लक्ष्मी येऊन राशीवर बसली होती. आता पणजोबांची पाळी.

"गुणाजीला बोलवू?" धवलारणीने विचारलं. "मागच्या लग्नाला नको बोललेलात."

मागच्याच काय, कुठल्याच लग्नाला त्याला हाक गेली नव्हती. गुणाजी लढाईच्या वेळी हवाई दलात भरती झाला, विमानं दुरुस्त करायला. तो परत आला नाही, आणि मेल्याचा सांगावाही आला नाही. लक्ष्मी म्हातारी होऊन हिरव्या चुड्यात गेली, पण नवऱ्याचं नाव तिने मेलेल्यांत घेऊ दिलं नाही. जित्याला मेल्यांत हाक मारली तर तो अर्ध्या वाटेत अडकतो, म्हणायची. मग त्याला ना पितरांचं पान, ना सुपारी. असं अधांतरी राहणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

गुणाजीची एकुलती एक लेक शेवंती, ब्याऐंशी वर्षांची, भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा घरजावई, म्हणून घरचे पूर्वज तिच्याच माहेरचे. बापाने तिला पाहिलंच नव्हतं; तो निघाला तेव्हा ती पोटात होती. आपण जायच्या आधी एकदा त्याला घरी आणायचं, एवढाच ध्यास म्हातारीने घेतला होता. तिच्यापायी तिचा मुलगा, रसिकाचा बाप मितेश, दोन वर्षं दिल्लीपासून लंडनपर्यंत मेल पाठवत होता, आजोबांच्या नोकरीचे कागद मिळावेत म्हणून. सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथे तर दोन सरकारं. उत्तर आलं ते नेमकं हळदीच्या आदल्या दिवशी.

"बोलव," मितेश म्हणाला. "आजा गेलाय. आता लेखी आलंय."

त्याने मोबाइल काढला आणि आईला मराठीत सांगितलं. चव्वेचाळीस साल. ब्रह्मदेशाची सरहद्द. विमान दुरुस्त करत असताना वरून बॉम्ब पडला. घरी तार पाठवलेली, ती परत गेली.

"परत का गेली?"

"गावच नव्हतं ना, आई. कल्याणच्या पलीकडे धावपट्टी करायला उठवलेलं सगळं. तारवाला आला असेल तर त्याला तिथे विमानं दिसली असतील."

बापूस मेला हे ऐकून शेवंतीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

"मार हाक," ती म्हणाली.

धवलारणीने सूर लावला. गुणाजीदादा, नातवाच्या लेकीचं लगीन, मांडवाला या. तिने सुपारी ठेवली. सुपारी घरंगळून खाली आली. पुन्हा ठेवली, पुन्हा खाली. मग तिने ती मुठीत धरली आणि डोळे मिटून बसून राहिली.

"निघून आलाय," ती म्हणाली. "पन इथं नाय. गावाला उभा हाय. घर शोधतोय."

चूक सगळ्यांच्या ध्यानात आली होती. मेलेलं माणूस जिथून निघालं तिथेच परतणार. लक्ष्मी आणि बाकीचे शेवटपर्यंत घरच्यांबरोबर राहिलेले, त्यांना वाट ठाऊक. गुणाजीला नवा पत्ता कोणी सांगितलाच नव्हता.

शेवंती भिंत धरत उठली. बाल्कनीत जाऊन कल्याणच्या दिशेला तोंड केलं आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बापूस, ऐक. ती पट्टी सोड. दुर्गाडीला ये. तिथं आता पूल हाय, होडी नको शोधू. कोनगावावरून मोठ्या रस्त्याला लाग. परत खाडी लागंल, तिच्यावर पन पूल हाय. मग माजिवडा. तुझ्या वेळंला इथं शेतं होती, आता उंच घरं हायेत. घाबरू नको. खाली आलास की लक्ष्मीचं घर इचार. माझं नाव तुला ठावं नाय."

ती परत येऊन जागेवर बसली. धवलारीण पुढचं नाव घेणार होती, पण मूठ काही उघडेना. कोणी चहा मागितला नाही. दुपार रखरखीत, आणि भरल्या घरात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

इंटरकॉम वाजला. मितेशच्या बायकोने, रुपालीने, उचलला. थोडं ऐकलं, "आईंनाच विचारा" म्हणाली आणि सासूच्या हातात दिला.

"मावशी, गेटवरून बोलतोय," वॉचमन म्हणाला. "एक पोरगा आलाय. खाकी कपडे, अंगभर धूळ. लक्ष्मीचं घर विचारतोय. इथे कोणी लक्ष्मी नाही म्हटलं तर हलेना. रुपालीताई म्हणाल्या, तुम्हालाच विचारा."

"केवढा हाय?"

"असेल विशीतला. ऐकू कमी येतं बहुतेक. सगळं दोनदा ओरडून सांगावं लागतंय."

शेवंतीने डोक्यावरून पदर घेतला.

"सोड त्याला वर."

"नोंद करायला लागते, मावशी. कोण तुमचा, नातू?"

"नाय रे बाला," शेवंती म्हणाली. "माझा बापूस."