हाकेचं बटन

"बटन काहून नाई दाबलं, मामा?"

अनुपनं तिसऱ्यांदा विचारलं. शेषरावमामा दवाखान्याच्या खाटेवर पाठीवर पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर, अनुपची बायको दीपमाला, मामांकडे सैपाकाला येणाऱ्या सुंदराबाई, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"इसरलो रे," मामा म्हणाले. "ध्यानातच नाई आलं."

झालं! अनुपचं डोकंच फिरलं. बडनेऱ्याच्या घरी मामा सकाळी नऊ वाजता न्हाणीत घसरून पडले, आणि सुंदराबाई आल्या तेव्हा एक वाजला होता. चार तास माणूस ओल्या फरशीवर पडलेला, अन् गळ्यात फोन. एक बटन दाबलं असतं तर अनुप अमरावतीहून पंधरा मिनिटांत मोटरसायकलनं पोचला असता.

काचबिंदूनं मामांचे डोळे जाऊन दहा वर्षं झाली होती. पण सैपाक सोडला तर स्वतःचं सगळं स्वतः करायचे. कुणाच्या खांद्यावर हात ठेवून चालले असतील तर शपथ. बाप गेल्यावर अनुपला त्यांनीच वाढवलं, इंजिनिअर केलं. त्या मामांसाठी अनुपनं 'हाक' नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. गळ्यात अडकवायचा छोटा फोन, त्यात तेवढं एकच अ‍ॅप, आणि अ‍ॅपमध्ये एकच बटन. बोट जिथं लागेल त्याचं नाव फोन बोलून दाखवणार. नाव ऐकलं की दोन टिचक्या मारायच्या, की इकडे अनुपचा फोन खणखणलाच.

जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला, नेटवर फुकट मिळणारा एक संच त्यानं त्यासाठी घेतला होता. बटनं, याद्या, रकाने, सगळं त्यात तयार. आपण फक्त जोडत जायचं. पण तयार बटन अनुपला काही पटेना. भलतंच साधं, हजार अ‍ॅपमध्ये दिसतं तसलं. मामाच्या अ‍ॅपला असलं बटन? छे! ते काढून टाकून आठ दिवस खपून त्यानं स्वतःचं बनवलं. गोल, डाळिंबी, हळूहळू धडधडणारं. काय देखणं होतं म्हणता! मामांच्या वाढदिवसाला गल्ली जमली, पेढे झाले, ज्यानंत्यानं बटन पाहून वाहवा केली. मामाही हसले. "अडलं तरच दाबा," म्हणत अनुपनं फोन त्यांच्या गळ्यात घातला.

अन् आता म्हणे इसरलो.

"तुमची बुद्धी चालून नाई राहिली, मामा," अनुप सगळ्यांसमोर बोलून गेला. डॉक्टरांनीही सांगितलं, एवढी साधी गोष्ट विसरत असतील तर एकटं ठेवू नका. अनुपचं घर तिसऱ्या मजल्यावर, नवराबायको दोघंही दिवसभर नोकरीवर. शेवटी अकोल्याचा एक वृद्धाश्रम ठरला. "माह्यं घर राहू दे रे," मामा एकदाच म्हणाले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दोन महिन्यांनी आश्रमाच्या खर्चासाठी बडनेऱ्याचं घर विकलं गेलं. किल्ली द्यायच्या दिवशी अनुप शेवटचं सामान आवरत होता. खिळ्याला तो छोटा फोन लटकलेला दिसला. कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून त्यानं तो चार्जरला लावून सुरू केला. वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "बॅटरी, चार टक्के," फोन बोलला. बोट खाली आणलं. "हाक," फोन बोलला. बोट बटनावर आलं.

फोन गप्प.

त्यानं काच पुसली, पुन्हा बोट ठेवलं. दोन टिचक्या मारल्या. चार मारल्या. काही नाही.

आता अनुपच्या ध्यानात आलं. त्या फुकटच्या साध्या बटनात आपलं नाव सांगायची सोय आधीपासून होती. त्याच्या बटनाला नावच नव्हतं, म्हणून बोलणाऱ्या फोनच्या लेखी ते बटनच नव्हतं. नुसतं रंगीत चित्र, डोळ्यांनी बघावं असं. तपासलं होतं त्यानं, नाही असं नाही. शंभर वेळा तपासलं होतं, पण स्वतःच्या, न बोलणाऱ्या फोनवर, उघड्या डोळ्यांनी. आंधळ्या माणसासाठी बटन केलं आणि एकदाही डोळे मिटून पाहिलं नाही! त्याला स्वतःची शरम वाटली. किल्ली शेजाऱ्याकडे टाकून तो तसाच अकोल्याच्या गाडीत बसला.

मामा वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात बसले होते.

"मामा, खरं सांगा. त्या दिवशी बटन शोधलं होतं तुमी?"

"शोधूनच राहिलो होतो ना. सुंदराबाई येईस्तोवर."

"मंग इसरलो काहून म्हटलं? घर गेलं ना तुमचं!"

मामांनी चाचपडत त्याचा हात धरला.

"मंग काय सांगू मी? डॉक्टर उभे होते, तुयी बायको उभी होती. त्याइच्यासमोर म्हनू काय, का माह्या पोराले बटन बनवता आलं नाई?"