वरचा बाण

एंटर दाबण्याआधी सरांचं बोट क्षणभर हवेत थांबतं, मग चूक होते. आजही त्यांनी निरीक्षणांची फाइल ‘जुने’ फोल्डरमध्ये हलवण्याची कमांड दिली. तसा फोल्डरच नसल्याने फाइलचंच नाव ‘जुने’ झालं. “गेली फाइल!” “गेली नाही, सर, नामांतर झालं. आधी फोल्डर बनवायचा, किती वेळा सांगू?” “म्हाताऱ्याच्या डोक्यात नाही शिरत, बाई. मला जमेपर्यंत तुला सोडणार नाही.” नव्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी इथून मोकळं करण्याच्या कागदावरच्या त्यांच्या सहीवाचून अडली होती. चडफडत मी कीबोर्ड ओढला आणि आधीच्या कमांड परत आणणारा वरचा बाण दाबत गेले. पडद्यावर सकाळच्या, मी येण्यापूर्वीच्या कमांड उमटल्या: फोल्डर बनवलेला, फाइल हलवलेली, मग ती परत आणून फोल्डर पुसलेला, एकही चूक नाही. “सर, तुम्हाला हे सगळं येतं?” “कधीचंच,” ते खिडकीकडे बघत पुटपुटले. “जा तू. आण तो कागद, सही करतो.”