पहिली फेरी

बोटीच्या पोटातली लाकडी फासळी वरून छान दिसत होती. तिने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

“जरासा ओलावा आहे गं, बाकी लाकूड ठणठणीत. रंग मारला की झालं,” म्हणत बोटीच्या मालकाने इंजिनाची किल्ली तिच्या नवऱ्यापुढे धरली. “उद्या बोट निघाली नाही, तर मी दुसरा माणूस बघतो.”

नवऱ्याने निमूटपणे हात पुढे केला. पण कडेवरच्या लेकीला सावरत तिने मधेच किल्ली घेतली.

“निघेल की! फक्त पहिल्या फेरीला तुम्हीही चला, मालक.”



“वेडी की काय तू? मला पोहता येत नाही!” मालक बोलून गेला, आणि तिने किल्ली कमरेला खोचली.