दसऱ्यानंतरचं पिस्तूल

बाळासोनं रुमालाची गाठ सोडली, पिस्तूल काचेच्या टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हे परत घ्या केरबा. खटका नसलेलं काय असंल तर दाखवा."

केरबा मिस्त्री कोल्हापुरातलं हे बंदुकांचं दुकान पंचवीस वर्षं चालवत होता. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याचा हात कधी घाईत नसे. त्यानं पिस्तुलाचं तोंड भिंतीकडं केलं, सगळ्या गोळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि मगच तोंड उघडलं.

"चाप अडवनारा खटका चांगला म्हणून तुम्हीच घेतलासा की. वरीसबी झालं न्हाय."

"तवा घेतलं. आता नको."

शालूबाई खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होती. अंबाबाईचं दर्शन झालं होतं आणि हुपरीच्या एसटीला वेळ होता, म्हणून ती नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच ह्या दुकानात आली होती. घरी ती चांदीच्या पैंजणांना आकडे बसवायची. त्यामुळे कुठं बारकीशी कळ दिसली की तिची बोटं शिवशिवायची.

केरबानं कपाटातून दोन हत्यारं काढली. एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, एक चपटं पिस्तूल, दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात मावतील एवढीच. "विलायती माल बंद झाल्यापासनं हे असं कुणाकुणाचं जुनंच येतंय. ह्या रिव्हॉल्व्हरला खटका न्हाय. चाप ओढला की उडालं."

बाळासोनं लगेच ते उचललं. शालूबाईनं चपटं पिस्तूल ओढून घेतलं आणि त्याचा खटका अंगठ्यानं वरखाली करून बघितला.

"ह्यो वर असला की उडत न्हाय व्हय?"

"न्हाय. चाप कितीबी ओढा."

"आन् उडवायचंच असलं तर?"

"मग आदी ह्यो खाली करायचा. मग चाप."

"म्हंजे दोनदा मनात यायला पायजे," शालूबाई म्हणाली.

केरबा हसला. एवढ्या वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला हे इतकं नीट समजलं नव्हतं. बाळासो मात्र हसला नाही.

"पण झालं तरी काय?" केरबानं विचारलं. त्याचा स्क्रू ड्रायव्हर एव्हाना जुन्या पिस्तुलाला लागला होता.

"दसऱ्यानंतर चौथा दिवस. हितनं चांदी घिऊन गेलतो. उतरलो तवा अंधारून आलतं. गल्लीच्या तोंडाला मागनं कुणीतरी पिशवीला हात घातला. मी वळलो, हे काढलं, खटका दाबला. हालंना. हालंचना."

"मग?"

"मग तसाच चाप ओढला. दोनदा ओढला."

"कोण हुतं?" शालूबाईनं विचारलं. दहा दिवस हा माणूस अंथरुणात उठून बसत होता. पित्त झालं असेल म्हणून ती त्याला रोज आल्याचा रस पाजत होती.

बाळासोनं तिच्याकडं बघितलं नाही. "आकाराम. तुझा भाऊ. 'दाजी, वझं द्या हिकडं' म्हनला. माझ्या हातात काय हाय, त्येला दिसलंबी न्हाय."

शालूबाईनं हातातलं पिस्तूल टेबलावर ठेवून दिलं. आकाराम दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच घरी चहा पिऊन गेला होता, आणि हा समोर बसून मुकाट बशी फुंकत होता.

"पर खरंच चोर असता तर?" बाळासोचा आवाज चढला. "मेलो असतो का न्हाय मी? म्हनून सांगतोय, खटका नको!"

तो ओरडत होता, पण रिव्हॉल्व्हरच्या चापापासून बोट लांबच ठेवत होता. ही भीती चोराची नव्हती, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

केरबानं पांढरा कागद पसरला आणि उघडलेलं पिस्तूल त्यावर हळूच ठोकलं. खटक्याच्या खाचेतून लाल, तेलकट गुठळ्या पडल्या. कडेनं थोडं पिवळंही होतं.

"वैनी, खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

"मीच की. तेल लावलं, हळद-कुंकू वाह्यलं. हेच म्हनले, हत्याराला काय कमी पडू देऊ नगंस."

"कमी कुठलं पडतंय! ह्या कुंकवानंच खटका धरून ठेवला. दर दसरा झाला की अर्ध्या जिल्ह्याच्या बंदुका हितं येत्यात. कुणाच्या नळीत झेंडूच्या पाकळ्या, कुणाच्या चापात अक्षता. लांबनं फूल वाहा म्हणून सांगून घसा बसला माझा."

कुणी हसलं नाही, तेव्हा केरबानंही बोलणं आवरलं. त्यानं खाच पुसली, तेलाचा एक थेंब सोडला आणि पिस्तूल पुन्हा जोडलं. खटका आता नव्यासारखा हलत होता. त्यानं तिन्ही हत्यारं टेबलावर मांडली.

"आता बोला. कुठलं?"

बाळासोच्या हाताखालीच रिव्हॉल्व्हर होतं. त्यानं त्याच्या चापावर एकदा बोट ठेवलं, लगेच काढलं आणि ते केरबाकडं सरकवलं. मग आपलंच पिस्तूल घेतलं. खटका खाली केला, वर केला, परत खाली, परत वर.

"ह्येच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खटका वर हाय न्हवं? तुमी बगा एकदा."

केरबानं बघितलं आणि मान हलवली. मग कागद उचलून तो दाराबाहेर झटकायला निघाला.

"टाकू नगा."

शालूबाईनं कागद त्याच्या हातातून काढून घेतला. कुंकवाच्या गुठळ्या मधोमध गोळा केल्या, पुडी बांधली आणि कनवटीला खोचली.

"आठ दिसांवर भाऊबीज आलीया," ती म्हणाली.