वळणावरचं चुंबक

आज तिनं चौथ्या चुंबकाला हात लावला नाही.

गेले अठरा दिवस ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि एवढंच करायची. वळणावरच्या त्या चुंबकाचा प्रवाह केसभर कमी करायचा, बस. मग जड आयनांचा बीम, म्हणजे झोत, शंभर मीटर सरळ धावायचा आणि वळणावर नळीच्या भिंतीत विरून जायचा. चाचणीचा बीम क्षीणच, त्यामुळे नळीला काही होत नव्हतं. पलीकडची कार्बनची चकती तेवढी कोरी राहायची.

त्या चकतीवर बीम आदळला की त्यातून असे अणू निघणार होते, जे एरवी कुठं सापडत नाहीत. पापणी लवते न लवते तोवर जगायचं आणि जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यांच्यासाठी आठ माणसं पाच वर्षं राबली होती.

पण बीम पोचला की चाचणी संपली. यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार आणि आठ जण आठ दिशांना. तिच्या तर निवृत्तीचाच कागद आला होता. घरी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कधी कधी रविवारी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. इथं निदान कुणीतरी विचारायचं, "ताई, जेवलात का?"

काल जेवताना सरांनी, म्हणजे या आठ जणांच्या प्रमुखांनी, रक्तदाबाची गोळी थंड चहाबरोबर गिळली होती.

"वरच्यांना काय तोंड दाखवू, ताई? तुमचं गणित कधी चुकत नाही. मग अडतंय कुठं?"

तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. आपलं एकटेपण आपलं. त्याची शिक्षा या भल्या माणसाला का?

म्हणून आज चुंबक जसं हवं तसं होतं.

"बीम आमच्या सासऱ्यांवर गेलाय," नळीतली हवा उपसणारा म्हणाला. सगळे त्याला हवालदार म्हणत. "घरून वेळेवर निघतात. वळणावर कुणीतरी भेटतं, की गेले!"

सगळे हसले. तीही हसली.

सर चकतीआधीच्या शेवटच्या चुंबकाच्या घुंडीपाशी बसले. ती जागा ते कुणाला देत नसत.

"सोडा," ते म्हणाले.

बीम निघाला. पडद्यावर एकेक दिवा हिरवा होत गेला. पहिलं चुंबक, दुसरं, तिसरं.

चौथा दिवा हिरवा झाला.

"सासरे वळले!" हवालदार खुर्चीवरून उठलाच. "ताई, सासरे वळले हो!"

कुणी टाळ्या पिटल्या, कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. तिचे डोळे भरून आले. झालं, सुटले एकदाची, असं वाटलं आणि त्याच क्षणी आत काहीतरी रितं झालं. आता फक्त शेवटचं चुंबक, मग चकती. सरांचा चेहरा तरी डोळे भरून पाहावा म्हणून ती वळली.

सरांचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. नाचणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसांकडे ते पाहत होते, एकेकाकडे, सावकाश.

"अरे, चकतीवर काहीच नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. "शून्य!"

हवालदार मटकन खाली बसला.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. इतका मऊ आवाज तिनं पाच वर्षांत ऐकला नव्हता. "उद्या पुन्हा बघू. सगळे वेळेवर या. आणि जेवायला एकत्रच बसू."

तिनं पडद्यावरचे आकडे पाहिले. शेवटच्या चुंबकाचा प्रवाह केसभर कमी होता, आणि सरांची बोटं अजून त्याच्या घुंडीवरच होती.