मायसाठी ठिपके

शुगरने रनाळ्याच्या निर्मलाबाईंचे पाय आधी बधिर झाले, मग डोळे गेले. जन्मभर अंगणवाडीत मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या या बाईला दुसऱ्याने वाचलेलं गोड लागेना. म्हणून मुलगा नवनीत मराठीचं ब्रेल करून देणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवू लागला. तयार मिळालेलं चालेना, तेव्हा मूळ कोड उतरवून त्यातून चालतं सॉफ्टवेअर तयार करायला, म्हणजे बिल्ड करायला, तो स्वतःच बसला. एक एरर घालवावी, तर तिच्या जागी दुसरी हजर. कधी कोडला लागणारी लायब्ररीची फाइल सापडेना, कधी मराठी अक्षरांच्या ठिपक्यांचा तक्ता. फोरमवर विचारलं, तर कुणी उत्तरही दिलं नाही. रडकुंडीला येऊन तो लॅपटॉप मिटायचा.

"झाये का रे, भाऊ?" खाटेवरून माय मुंग्या आलेली बोटं चोळत विचारायची.

"व्हयी जाई, माय."

तोवर मायने सगळ्या अक्षरांचे ठिपके त्याच्याकडून ऐकून तोंडपाठ केले. क म्हणजे एक आणि तीन.

अखेर तक्त्याच्या फोल्डरचा पत्ता चुकल्याचं नवनीतच्या ध्यानात आलं आणि बिल्ड पार पडलं. स्क्रीनवरचे ठिपके बघत त्याने जाड कागदावर टोच्याने अख्खी गोष्ट टोचली. ठिपके चांगले टपोरे उठले. मायने त्यांच्यावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, मग दाबून फिरवली.

 

"भाऊ, कोरा कागद काबर दिधा? नही जमनं ते नही जमनं, जीव नको जाळू."