हातपाय गाळा

खांदे भरून आले, तरी किनारा काही जवळ येईना. पोहण्याचे मास्तर मान खाली घालून पुन्हा हात मारायला लागले. वीस हात झाल्यावर डोकं वर काढलं, तर वाळूवर बसलेली त्यांची चौदा पोरं आणखीच लहान दिसत होती.

बावीस वर्षं ते तलावात पोहायला शिकवत आले होते. पोरांना समुद्रावर आणलं ते आज पहिल्यांदाच. लाइफगार्ड बाईंनी आल्याआल्याच सांगितलं होतं, "दोन झेंड्यांच्या मधेच उतरा." पण झेंड्यांमधे लाटा फुटत होत्या, आणि बाजूचा पाण्याचा एक पट्टा कसा गुळगुळीत, गरीब गाईसारखा दिसत होता. पोरांना उतरवण्याआधी आपण बघून यावं म्हणून मास्तर तिथे शिरले. तिथलं पाणी शांत दिसत होतं, कारण ते सगळं आत समुद्राकडे चाललं होतं.

हाक मारावी असं दोनदा मनात आलं. पण पोरं बघत होती. "हातपाय गाळायचे नाहीत!" असं तलावाच्या काठावरून ओरडून ज्यानं घशाला कोरड पाडून घेतली, त्यानंच आता मदतीसाठी हात वर करायचा? तेवढ्यात खारट पाणी नाकातोंडात गेलं, आणि हात आपोआप वर झाला.

लाइफगार्ड बाई तरंगत्या फळीवर पालथ्या पडून, हातांनी वल्हवत आल्या. आवाजात घाई नव्हती.

"धरा, सर. आणि आता हातपाय गाळा."

"काय?"

"झुंजू नका. पाणी काही दमत नाही, आपणच दमतो. ही ओढ थोडं पुढे जाऊन संपते. मग बाजूबाजूने जाऊ. लाटाच आणून सोडतील."

मास्तरांनी फळीवर गाल टेकला. पाण्यात असून काहीच करायचं नाही, ही वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. थोड्या वेळाने ओढ सैल पडली. बाईंनी फळी किनाऱ्याला समांतर वळवली, बरंच अंतर तशीच नेली, आणि मागून आलेल्या लाटांनी दोघांना अलगद वाळूकडे ढकललं.

मास्तर गुडघ्यांवर वाळूत आले, तर टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत पुढे होती मागच्या महिन्यात तीन पदकं आणलेली पोरगी. तिला सगळे 'टॉर्पेडो' म्हणत.

"सर, भारी करून दाखवलंत! अगदी खरं वाटलं."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. त्या फळीवरची वाळू झटकत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या. नुसतं 'हो' म्हटलं की झाकली मूठ राहणार होती.

"दाखवत नव्हतो गं," मास्तर म्हणाले. "खरंच बुडत होतो. घाबरलो होतो. आणि लाजेपायी हाक मारायला उशीर केला."

टाळ्या विरल्या. हसलं मात्र कुणीच नाही. बाई पोरांना घेऊन झेंड्यांकडे निघाल्या. टॉर्पेडो तेवढी मागे राहिली. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत बराच वेळ उभी होती. मग मास्तरांच्या शेजारी येऊन बसली.

"सर," ती हळूच म्हणाली, "मला तलावातसुद्धा रोज भीती वाटते. सांगितलं तर चालतं, हे माहीत नव्हतं."